कथित नागरिक : ॲना मे वाँगची कारकीर्द

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा 'फॉर्म 430' नावाचा एक छापील अर्ज होता. त्याचे शीर्षक मराठीत आणायचे तर असे होईल : 'चिनी वंशाच्या कथित अमेरिकन नागरिकाचा, दर्जाच्या पूर्वतपासणीसाठी अर्ज.' देशाबाहेर जाऊन पुन्हा घरी परतायचे असेल, तर अमेरिकेत जन्मलेल्या चिनी वंशाच्या प्रत्येकाला हा अर्ज भरावा लागे, साक्षीदार उभे करावे लागत, अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. शीर्षकातला 'कथित' हा शब्द महत्त्वाचा. नागरिकत्व हे येथे तथ्य नसून अर्जदाराचे केवळ म्हणणे आहे, असे तो शब्द गृहीत धरतो. बर्लिन आणि लंडन येथे जिचे नाव नाट्यगृहांच्या दारावर दिव्यांनी उजळले, त्या अभिनेत्रीलाही या कागदांतून सुटका नव्हती. तिचे 1924 सालचे ओळखपत्र, छायाचित्रासह, आज उपलब्ध आहे. त्या वर्षी ती एकोणीस वर्षांची होती आणि डग्लस फेअरबँक्सच्या 'द थीफ ऑफ बगदाद'मुळे देशभर ओळखली जाऊ लागली होती.

ॲना मे वाँगवर लिहिताना बहुतेक लेखक तिच्या सौंदर्यापासून सुरुवात करतात. मला या कागदापासून सुरुवात करावीशी वाटली, कारण तिच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीचा पेच या एका शब्दात आलेला आहे. ती अमेरिकन आहे हे अमेरिकेने कधी निःशंकपणे मान्य केले नाही. ती चिनी आहे हे मात्र सर्वांनी मान्य केले, फक्त चिनी भूमिका देण्याची वेळ आली की तेही नाकारले गेले.

तिचा जन्म 3 जानेवारी 1905 रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. घरातले नाव वाँग लिउ-त्सोंग. वडिलांची लाँड्री होती. आई-वडील दोघेही कॅलिफोर्नियातच जन्मलेले, म्हणजे मुलगी अमेरिकेतल्या तिसऱ्या पिढीची. तरीही 1882 च्या चिनी बहिष्कार कायद्याची सावली घरावर होती. हा कायदा चिनी मजुरांना देशात येऊ देत नव्हता आणि चिनी स्थलांतरितांना नागरिक होऊ देत नव्हता. 1898 साली सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क या तरुणाच्या खटल्यात अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक असा निवाडा दिला, म्हणून लिउ-त्सोंग नागरिक ठरली. परंतु न्यायालयाने दिलेला हक्क आणि शाळेच्या अंगणातले वास्तव यांत अंतर असते. सरकारी शाळेतल्या गोऱ्या मुलांनी तिला आणि तिच्या बहिणीला इतका त्रास दिला की वडिलांनी दोघींना चायनाटाऊनमधल्या मिशनच्या शाळेत घातले.

त्या काळी चित्रपट कंपन्या न्यूयॉर्ककडून कॅलिफोर्नियाकडे सरकत होत्या आणि चायनाटाऊनच्या गल्ल्यांत चित्रीकरण चाले. ही मुलगी शाळा बुडवून कॅमेऱ्यापुढे घुटमळे, प्रश्न विचारून लोकांना भंडावून सोडी. त्या लोकांनी तिचे नाव 'कुतूहलखोर चिनी पोर' असे पाडले होते. 1919 साली 'द रेड लँटर्न' या चित्रपटासाठी शेकडो चिनी बायका हव्या होत्या, त्यांत ती चौदाव्या वर्षी कंदील घेऊन उभी राहिली. त्या चित्रपटाची नायिका चिनी होती आणि ती भूमिका करणारी अला नाझिमोव्हा रशियात जन्मलेली होती. मागे गर्दीत खरी चिनी माणसे आणि पुढे रंगवलेल्या चेहऱ्याची गोरी नायिका : पुढल्या कित्येक दशकांच्या हॉलिवूडचा नकाशाच त्या पहिल्या चित्रपटात आखलेला दिसतो.

या प्रथेला इंग्रजी टीकाकार 'यलोफेस' म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही, पण 'सोंग' हा शब्द चालण्यासारखा आहे. डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीने ताणायच्या, भुवया खरवडायच्या, कातडीला पिवळसर लेप द्यायचा. फरक एवढाच की दशावतारातले सोंग हे सोंग आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते आणि करणाराही ते लपवत नाही. हॉलिवूडचे सोंग मात्र स्वतःला अस्सल म्हणवत होते, आणि अस्सल माणसाने समोर येऊन उभे राहावे हे त्याला परवडणारे नव्हते.

1922 साली 'द टोल ऑफ द सी' मध्ये सतरा वर्षांच्या ॲनाला नायिकेची भूमिका मिळाली. टेक्निकलरच्या दोन रंगांच्या पद्धतीने चित्रित झालेला हा अगदी आरंभीचा पूर्ण लांबीचा चित्रपट. कथा 'मादाम बटरफ्लाय'चीच, फक्त जपानऐवजी चीन. गोरा अमेरिकन येतो, प्रेम करतो, निघून जातो, गोऱ्या बायकोसह परततो, आणि चिनी मुलगी आपले मूल त्यांच्या हवाली करून समुद्राकडे जाते. हा चित्रपट आज पाहता येतो. कथानकाचा भडकपणा बाजूला ठेवून तिच्या चेहऱ्याकडे पाहावे. मूकपटांच्या काळात डोळे विस्फारून, हात छातीशी नेऊन अभिनय करण्याची रीत होती. ही मुलगी जवळजवळ काहीच करत नाही. डोळ्यांत पाणी येते तेही उशिरा, आणि ते येऊ नये म्हणून तिने केलेला प्रयत्न आधी दिसतो. इतक्या कोवळ्या वयात हा संयम कुठून आला असेल, याचे नवल वाटते.

पण त्या समुद्राने तिचा पिच्छा सोडला नाही. पुढे एकामागून एक चित्रपटांत ती मरत गेली : कधी विषाने, कधी पात्यावर पडून, कधी गोळी लागून. आपल्या थडग्यावर 'मी हजार मरणे मेले' असे कोरावे, असे ती थट्टेने म्हणत असल्याचे सांगतात. या मरणांचे कारण कथानकाच्या गणितात होते. गोऱ्या नायकावर चिनी स्त्रीने प्रेम करावे हे प्रेक्षकाला रोमांचक वाटे, पण त्यांचा संसार झालेला मात्र पडद्यावर चालत नसे. कॅलिफोर्नियात गोऱ्या-चिनी विवाहाला कायद्याने बंदी होती आणि ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट 1948 साली रद्द केली. तेव्हा शेवटच्या रिळात तिला बाजूला करण्याचा सोपा मार्ग म्हणजे मृत्यू. प्रेक्षक हळहळत आणि निश्चिंतपणे घरी जात.

1928 साली कंटाळून तिने युरोप गाठला. रिशार्ड आइशबर्ग या जर्मन दिग्दर्शकाने तिला 'साँग' या चित्रपटात नायिका केले आणि बर्लिनने तिला डोक्यावर घेतले. त्या वर्षी आल्फ्रेड आयझेनश्टाट या छायाचित्रकाराने बर्लिनमधल्या एका समारंभात टिपलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. तीन तरुण स्त्रिया एकमेकींना बिलगून हसत उभ्या आहेत : मार्लिन डीट्रिच, ॲना मे वाँग आणि लेनी रिफेन्श्टाल. पुढल्या दहा वर्षांत यांतली एक हॉलिवूडची सम्राज्ञी झाली आणि एक हिटलरच्या राजवटीची चित्रपटकार. मधली काय झाली, तेच आपण पाहत आहोत.

वाल्टर बेन्यामिन हे नाव आपल्याकडे समीक्षेच्या अभ्यासक्रमात येते ते यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीवरच्या निबंधामुळे. त्याने 1928 साली ॲना मे वाँगची भेट घेऊन एका जर्मन साप्ताहिकात लेख लिहिला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तो लेख तिच्यावर लुब्ध झालेल्या माणसाचा आहे. जीन्स आणि लाँड्रीच्या गावातून आलेल्या या अमेरिकन मुलीपुढे एवढा चिकित्सक माणूसही चिनी नक्षीकामाच्या भाषेत शिरला. युरोप अमेरिकेपेक्षा उदार होता असे सरसकट म्हणण्याआधी हे लक्षात ठेवावे. युरोपने तिला नायिका केले हे खरे, पण 'पूर्वेची फुलपाखरू' म्हणूनच केले.

तरीही युरोपातल्या कामाचे मोल मोठे आहे. इ. ए. दुपॉं दिग्दर्शित 'पिकॅडिली' (1929) हा ब्रिटिश मूकपट तिचे सर्वोत्तम काम मानावा असे मला वाटते. लंडनच्या नाइटक्लबच्या मोरीत भांडी घासणारी शोशो टेबलावर चढून नाचते आणि मालकाची नजर तिच्यावर पडते. तिच्या फाटक्या मोज्यांवरून कॅमेरा सावकाश फिरतो. सौदा करताना ती मालकाला आपल्या गल्लीत आणते, आपल्या दुकानातून पोशाख घ्यायला लावते. या मुलीला स्वतःची किंमत कळलेली आहे, आणि ती किंमत कोण ठरवतो हेही कळलेले आहे. अर्थात शेवटी तिला गोळी लागतेच. त्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर 'द सर्कल ऑफ चॉक' या नाटकात ती लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर उभी राहिली. समीक्षकांनी तिच्या कॅलिफोर्नियन उच्चारांची टर उडवली. चिनी राजकन्येने अमेरिकन बोलावे हे त्यांना खटकले. तिने पदरचे पैसे खर्चून केंब्रिजमधल्या शिक्षकाकडून ब्रिटिश उच्चार घोटून घेतले, आणि पहिल्या बोलपटात इंग्रजी, जर्मन व फ्रेंच अशा तिन्ही आवृत्त्यांत स्वतः संवाद म्हटले. व्हिएन्नात तिने जर्मन भाषेत संगीतिकाही केली.

एवढी तयारी करून ती पॅरामाउंटच्या बोलावण्यावरून परतली आणि तिच्या वाट्याला आले 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' (1931), फू मांचू या खलपुरुषाच्या सूडबुद्धीच्या मुलीचे काम. या चित्रपटाच्या मानधनाचे आकडे चरित्रकारांनी दिले आहेत. मुख्य भूमिका ॲनाची, तिला 6,000 डॉलर. जपानी नट सेसू हायाकावा याला 10,000. आणि पडद्यावर जेमतेम 23 मिनिटे दिसणाऱ्या वॉर्नर ओलंड याला 12,000. ओलंड स्वीडनमध्ये जन्मलेला होता आणि चिनी सोंगावरच त्याची कारकीर्द उभी होती.

'शांघाय एक्स्प्रेस' (1932) मध्ये पुन्हा डीट्रिच आणि ती एकत्र आल्या. योसेफ फॉन स्टर्नबर्गचा सारा प्रकाश डीट्रिचसाठी राखलेला आहे, पण आगगाडीच्या डब्यात शांतपणे पत्ते मांडणारी हुई फेई तिच्यासमोर तसूभरही कमी पडत नाही. ज्या सरदाराने तिची विटंबना केली, त्याला ती खंजिराने मारते आणि जिवंत राहते. तिच्या कारकिर्दीत हे जिवंत राहणे दुर्मिळ. पण चीनमधल्या वृत्तपत्रांनी या चित्रपटाबद्दल तिलाच धारेवर धरले : आपल्या देशाची बदनामी करणाऱ्यांच्या हातचे ती बाहुले झाली, असा आरोप झाला. अमेरिकेत चिनी म्हणून अव्हेर आणि चीनमध्ये अमेरिकनांची हस्तक म्हणून धिक्कार, असे दोन्हीकडून कात्रीत सापडणे आता सुरू झाले होते.

आता 'द गुड अर्थ'. पर्ल बकची कादंबरी 1931 साली आली, प्रचंड खपली आणि एम.जी.एम.ने ती पडद्यावर आणायचे ठरवले. वांग लुंग या शेतकऱ्याची बायको ओ-लान ही त्या काळातली सर्वांत भारदस्त चिनी स्त्रीभूमिका. अमेरिकेतली सर्वांत प्रसिद्ध चिनी अभिनेत्री समोर होती. पण नायक पॉल म्युनी ठरला, आणि मग नायिकाही गोरीच हवी असे झाले. लुईझ रायनरला ती भूमिका मिळाली, ऑस्करही मिळाले. येथे नेहमी हॉलिवूडच्या आचारसंहितेचे कारण दिले जाते. त्या संहितेतले आंतरवंशीय संबंधांवरचे कलम शब्दशः गोऱ्या आणि काळ्या वंशांपुरते होते, पण स्टुडिओ ते आशियाई नटांनाही लावत. त्यातले तर्कट पाहा. कथेत नवरा चिनी, बायको चिनी. कथेतल्या विवाहाला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती रंगवलेला माणूस आणि न रंगवलेली स्त्री एका चौकटीत येण्याला. म्हणजे प्रेक्षकाने सोंगावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा, आणि संहिता मात्र सोंगाखालची कातडी तपासणार.

प्रचलित कथा अशी, की स्टुडिओने तिला लोटस या रखेलीची भूमिका देऊ केली आणि तिने ती बाणेदारपणे नाकारली : चिनी रक्ताच्या एकमेव नटीने या चित्रपटातली एकमेव खलभूमिका का करावी, असे विचारून. ही कथा ऐकायला चांगली वाटते. पण स्टुडिओच्या नोंदी वेगळे सांगतात. लोटसच्या भूमिकेसाठी तिची चाचणी झाली होती, आणि निर्मात्याच्या सहायकाने तिच्या रूपाबद्दल निराशा नोंदवली होती. नायकाला तिचा मोह पडेल हे पटण्याइतकी ती सुंदर वाटत नाही, अशा आशयाची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चाचणी दिली, उत्तर लांबले, आणि मान राखण्यासाठी तिने नकार जाहीर केला, हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे. तिला निव्वळ बंडखोर नायिका बनवण्यापेक्षा हे अधिक खरे आणि अधिक क्लेशकारक चित्र आहे. लोटसचे काम शेवटी टिली लॉश या व्हिएन्नाच्या नर्तकीने केले. ॲनाची धाकटी बहीण मेरी हिला त्याच चित्रपटात एक किरकोळ काम मिळाले. या मेरीने 1940 साली आत्महत्या केली.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत जन्मलेली एक नटी हॉलिवूडमध्ये वर चढत होती. मर्ल ओबेरॉनला 'द डार्क एंजल' (1935) साठी ऑस्करचे नामांकन मिळाले. आपण टास्मानियात जन्मलो असे ती सांगे आणि आपले अँग्लो-इंडियन मूळ तिने जन्मभर दडवून ठेवले. दडवता आले म्हणून ती नायिका राहिली. ॲना मे वाँगला दडवण्याची सोय नव्हती, आणि तिने तसा प्रयत्नही केला नाही.

1936 च्या आरंभी ती चीनला गेली, आयुष्यात पहिल्यांदा. वडील तेथे काही भावंडांसह पूर्वजांच्या गावी राहत होते. शांघायची बोली तिला कळेना. घरात बोलली जाई ती दक्षिणेची बोली. आपल्याच म्हणवल्या जाणाऱ्या देशात तिला दुभाष्याची गरज पडली. नानकिंगच्या अधिकाऱ्यांनी मेजवानीत भाषणे करून तिच्या भूमिकांबद्दल तिला बोल लावले. भूमिका निवडण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. चिनी रंगभूमीसाठी आपण फार अमेरिकन आहोत आणि अमेरिकेत चिनी भूमिकांसाठी इतरांनाच पसंती मिळते, ही खंत तिने पत्रकारांजवळ बोलून दाखवली. या प्रवासात तिने स्वतःच्या कॅमेऱ्याने गल्ल्या, बाजार, शिंपी, गावाकडची माणसे चित्रित करून घेतली. ही फिल्म 1957 साली अमेरिकन टेलिव्हिजनवर दाखवली गेली. इतर लोकांनी तिच्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यांपेक्षा तिने दुसऱ्यांकडे वळवलेला हा एक कॅमेरा मला अधिक मोलाचा वाटतो.

परतल्यावर पॅरामाउंटने तिला काही लहान खर्चाचे चित्रपट दिले. त्यांतला 'डॉटर ऑफ शांघाय' (1937) उल्लेखनीय. कोरियन-अमेरिकन नट फिलिप आन तिचा नायक, दोघेही गुन्हेगारांना पकडणारे, आणि शेवटी चक्क लग्नाची बोलणी. 2006 साली या चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली. युद्धकाळात तिने चीनच्या मदतनिधीसाठी आपल्या चित्रपटांतले पोशाख लिलावात काढले, दोन लहान युद्धपटांचे मानधनही दिले. 1943 साली मादाम च्यांग काय-शेक यांचे हॉलिवूडमध्ये थाटात स्वागत झाले तेव्हा मात्र तिला व्यासपीठावर स्थान नव्हते. लाँड्रीवाल्याच्या मुलीने पडद्यावर केलेल्या दासी आणि वेश्या नव्या चीनच्या प्रतिमेत बसत नव्हत्या. बहिष्कार कायदा त्याच वर्षी रद्द झाला, हा योगायोग नोंदवण्याजोगा.

आणि मग टेलिव्हिजन. 1951 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ड्यूमाँट या वाहिनीवर 'द गॅलरी ऑफ मादाम लिउ-त्सोंग' ही अर्ध्या तासाची मालिका चालली. नायिका कलावस्तूंची जाणकार, दालनाची मालकीण आणि त्या निमित्ताने गुन्ह्यांचा छडा लावणारी. आशियाई-अमेरिकन कलावंत मुख्य भूमिकेत असलेली ही अमेरिकेतली पहिली मालिका. पात्राचे नाव लिउ-त्सोंग, म्हणजे तिचेच जन्मनाव. दहा भाग झाले आणि मालिका बंद पडली.

त्या दहा भागांतला एकही आज उपलब्ध नाही. संहिताही मिळत नाहीत. ड्यूमाँट वाहिनी 1956 साली मिटली. त्या काळी प्रसारण टिकवायचे तर टेलिव्हिजनच्या पडद्यावर कॅमेरा रोखून त्याची फिल्म उतरवत. या वाहिनीच्या अशा फिल्म पुढे अनेक वर्षे गोदामात पडून होत्या आणि सत्तरीच्या दशकात त्या ट्रक भरभरून न्यूयॉर्कच्या उपसागरात लोटल्या गेल्या, अशी साक्ष एडी ॲडम्स या अभिनेत्रीने 1996 साली दिली. ज्या भूमिकेत ती मेली नाही, जिला कोणा गोऱ्याच्या प्रेमाची गरज नव्हती, ती ही भूमिका अभ्यासकाला पाहता येत नाही. चित्रपटाच्या इतिहासकाराला नेहमी टिकलेल्या वस्तूंवरून निष्कर्ष काढावा लागतो. टिकलेले पाहिले तर ॲना मे वाँग ही मरणाऱ्या स्त्रियांची अभिनेत्री ठरते. हा निष्कर्ष तिच्या कारकिर्दीचा किती आणि गोदामांच्या भाड्याचा किती, हे ठरवणे अवघड आहे.

नंतरची वर्षे पाहुण्या भूमिकांची. 1956 साली विल्यम वायलर याने 'द लेटर' टेलिव्हिजनवर केले. याच वायलरच्या 1940 सालच्या चित्रपटात खून झालेल्या माणसाच्या विधवेचे काम गेल सोंडरगार्ड या गोऱ्या नटीने चिनी वेश करून केले होते. टेलिव्हिजनवर ते ॲनाला मिळाले. सोळा वर्षांनी का होईना, एक सोंग उतरले. 1960 साली हॉलिवूडच्या पदपथावर तिच्या नावाचा तारा बसवला गेला. 'फ्लॉवर ड्रम साँग' या जवळजवळ सर्वस्वी आशियाई नटसंचाच्या चित्रपटात तिला मादाम लिआंगचे काम ठरले होते, पण प्रकृतीने साथ दिली नाही. 3 फेब्रुवारी 1961 रोजी सांता मोनिका येथे झोपेतच हृदयविकाराने ती गेली. वय छप्पन्न. मादाम लिआंगचे काम वानिता हॉल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केले.

2022 साली अमेरिकेच्या टांकसाळीने पाव डॉलरच्या नाण्यावर तिची मुद्रा काढली. अमेरिकन चलनावर येणारी ती पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती. नाण्यावर अर्थातच नाव इंग्रजीत आहे. लॉस एंजेलिसच्या रोझडेल स्मशानभूमीत आईच्या थडग्यातच तिला ठेवले आहे. दगडाच्या माथ्यावर आईचे नाव रोमन अक्षरांत आहे. एका कडेला मेरीचे आणि दुसऱ्या कडेला ॲनाचे, ही दोन्ही नावे उभ्या चिनी अक्षरांत कोरलेली आहेत.